कृष्णकमळ: वेल कशी लावावी, फूल कसं वाचावं

बाहेरचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, त्यांच्यावरचे पाच पांडव, मधली हिरवी गोळी द्रौपदी आणि सगळ्यांत वर ब्रह्मा-विष्णू-महेश. कृष्णकमळाचं फूल असं वाचायला कितीतरी मराठी घरांत लहानपणीच शिकवतात. हेच फूल चारशे वर्षांपूर्वी रोममध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं चित्र म्हणून वाचलं गेलं. तिथे त्याच तंतूंचा काट्यांचा मुकुट झाला आणि पाच पांडवांच्या जागी पाच जखमा आल्या. दोन्ही वाचनं फुलाच्या अवयवांवर उभी आहेत. त्यामुळे ती समजून घ्यायला चित्र पुरत नाही, ताजं फूल समोर लागतं. फूल टिकतं एकच दिवस, म्हणून वेल आपल्या दारातच असलेली बरी.

कोणती वेल आणायची

कृष्णकमळाचा कमळाशी काही संबंध नाही. रात्री फुलणाऱ्या पांढऱ्या ब्रह्मकमळाशीही नाही, ते निवडुंगाचं फूल. ही पॅसिफ्लोरा प्रजातीची वेल. या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या आहेत. नर्सरीत मात्र 'कृष्णकमळ' या एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या वेली मिळतात, आणि नवख्याची पहिली फसगत इथेच होते.

प्रतीकं दाखवायची असतील तर लांब तंतूंची जांभळी वेल घ्या. ही पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा किंवा तिच्यापासून केलेले संकर. पानं तीन किंवा पाच भागांची, फूल सुगंधी, तंतू कुरळे आणि टोकाकडे नागमोडी. महाराष्ट्राच्या उष्ण हवेत हीच सगळ्यांत कमी त्रास देते.

पांढऱ्या पाकळ्या आणि निळ्या-पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्यांचे सरळ तंतू असलेली ती पॅसिफ्लोरा सेरुलिया. तिचं पान पाच बोटांचं असतं. मोजायला आणि समजावायला हे फूल सर्वांत स्वच्छ, कारण तंतू एकमेकांत गुंतत नाहीत. पण ती थंड हवामानाची. नाशिक-पुण्याकडे तिला वाव आहे, किनारपट्टीच्या दमट उकाड्यात ती तितकी रमत नाही.

लाल फुलांच्या जाती दिसायला भडक आणि सुंदर, पण त्यांचे तंतू आखूड असतात. कौरवांची रांग दाखवायला गेलात तर मुलांना काही दिसणार नाही. पॅशनफ्रूट, म्हणजे पॅसिफ्लोरा एड्युलिस, ही फळासाठीची वेल. तिचं फूल पांढरं, तंतू मुळाशी जांभळे. वाचनासाठी तेही चालतं, रंग तेवढा कृष्णाचा नाही. कोकणात कुंपणांवर माजणारी, जाळीदार चिकट कोशात फळ धरणारी लहान फुलांची वेल दिसते, ती पॅसिफ्लोरा फीटिडा. ती तण आहे, मुद्दाम लावू नका.

शक्यतो वेल फुलावर असताना विकत घ्या. पानांवरून जात ठरवणं अनुभवी माळ्यालाही अवघड जातं.

फांदीपासून रोप

बी पेरण्याच्या भानगडीत पडू नका. बी उगवायला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने, आणि संकराच्या बियांतून आईसारखंच फूल येईल याची खात्री नसते. फांदी लावणं सोपं. जून ते ऑगस्ट हा उत्तम काळ, नाहीतर फेब्रुवारी-मार्च.

१. पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, अर्धी पक्की फांदी निवडा. अगदी हिरवी टोकाची कुजते, तपकिरी जून झालेली मुळं धरायला फार वेळ घेते. वाकवली की लवचीकपणे वाकेल आणि शेवटी मोडेल, ती बरोबर.

२. १५ ते २० सेंटिमीटरचा, तीन-चार पेरांचा तुकडा घ्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. मुळं पेरापाशी फुटतात, दोन पेरांच्या मधल्या कांड्यावर नाही.

३. खालची पानं, सगळे तणावे (वेल ज्यांनी आधार धरते ते कुरळे दोरे) आणि कळ्या काढून टाका. वर एक-दोन पानं ठेवा आणि मोठी असतील तर कात्रीने अर्धी करा. मुळं नसलेल्या फांदीला पानातून उडणारं पाणी परत मिळवता येत नाही, म्हणून हे करायचं.

४. खालचं टोक रूटिंग पावडरमध्ये बुडवून झटका. पावडर नसली तरी फांद्या रुजतात, फक्त थोड्या कमी. म्हणून तीन हव्या असतील तर सहा लावा.

५. निम्मी जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट भरलेल्या पिशवीत दोन पेरं आत जातील अशी रोवा. शेणखत या टप्प्यावर घालू नका, त्याने काप सडतो.

६. सावलीत ठेवा, वरून पारदर्शक पिशवी सैल झाका आणि रोज एकदा उघडून हवा द्या. मिश्रण ओलसर हवं, पाणी ठिबकणारं नको.

तीन ते पाच आठवड्यांत पेरातून नवी पालवी दिसते. पण पालवी दिसली म्हणजे मुळं आलीच असं नाही. फांदीतल्या साठ्यावरही ती फुटते. हलकेच ओढून पाहा. अडकल्यासारखी वाटली तर मुळं धरली आहेत. त्यानंतर आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन देऊन मगच मोठ्या कुंडीत न्या.

शेजाऱ्यांची वेल जमिनीत असेल तर याहून सोपा मार्ग आहे. इन्कार्नाटा जमिनीखालून धावते आणि लांबवर नवे कोंब काढते. १५-२० सेंटिमीटर उंचीचा असा कोंब मुळासकट, सोबत मातीचा गड्डा घेऊन उचलला की रोप तयार. दाब कलमही चांगलं होतं. लांब फांदीचं एक पेर खालून किंचित खरवडून मातीत दाबायचं, वर दगड ठेवायचा आणि दीड-दोन महिन्यांनी तोडून वेगळं करायचं.

लागवड आणि मांडव

जागा निवडताना ऊन आधी पाहा. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर वेल हिरवीगार वाढेल, दाराला शोभा देईल आणि फुलणार नाही. उत्तरेच्या बाल्कनीत कृष्णकमळ लावून वाट पाहणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या वेलीत दोष नसतो, जागेत असतो.

कुंडी १४ ते १६ इंची घ्या. मिश्रणात माती चार भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, जाड वाळू दोन भाग, कोकोपीट एक भाग आणि वर १०० ग्रॅम निंबोळी पेंड. पेंडीचा खरा उपयोग सूत्रकृमींना, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक किड्यांना, आवर घालण्यासाठी आहे, म्हणून ती वगळू नका. तळाच्या भोकांवर खापरीचे तुकडे ठेवा.

जमिनीत लावायची असेल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. काळ्या मातीत पावसाचं पाणी साचून मुळं कुजतात, तिथे खड्ड्याऐवजी जमिनीपासून पाऊण-एक फूट उंच ओटा करून त्यावर लावा. कोकणातल्या जांभ्याच्या मातीतून पाणी निघून जातं, पण तिच्यात दम कमी असतो, तिथे शेणखताचा वाटा वाढवा. आणि एक गोष्ट आधीच ठरवा: इन्कार्नाटाचे कोंब पुढच्या वर्षी तुळशीवृंदावनाच्या कडेलाही डोकं काढतील. त्यांना रोखायचं तर खड्ड्याभोवती दीड फूट खोल पत्रा उभा गाडा, नाहीतर वेल कुंडीतच ठेवा.

मांडवाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथली चूक वर्षभर छळते. कृष्णकमळ तणाव्यांनी चढतं. तणावा बारीक वस्तूला वेटोळं घालतो. जाड खांब त्याला धरता येत नाही आणि सपाट भिंतीला तो चिकटत नाही. दोन-तीन मिलिमीटरची जस्ताची तार, नायलॉनची जाळी किंवा चिरलेला बांबू त्याला लागतो. जाळीची घरं १०-१५ सेंटिमीटरची ठेवा. फार लहान घरांत पिकलेल्या फांद्या अशा गुंततात की छाटणीच्या वेळी जाळीच कापावी लागते. भिंतीपासून जाळी हातभर नाही तरी वीतभर लांब असू द्या, म्हणजे मागून हवा खेळेल आणि पिठ्या ढेकणाला (कापसासारख्या पांढऱ्या किडीला) आडोसा मिळणार नाही.

सुरुवातीला एकच सरळ खोड वर न्या, बाजूचे फुटवे खुडा. सुतळीने बांधताना इंग्रजी आठच्या आकड्याचा सैल फास घाला. खोड मांडवाला टेकलं की शेंडा खुडा. मग दोन्ही बाजूंना फांद्या सुटतात आणि मांडव भरतो. आंब्यावर, डाळिंबावर वेल चढू देऊ नका, ती झाडाचा उजेड पूर्ण झाकते.

पाणी, खत, छाटणी

उन्हाळ्यात १६ इंची कुंडीला रोज दोन-तीन लिटर पाणी लागतं, गच्चीवर तर कधी दोन वेळा. पावसाळ्यात पाणी घालायची गरज क्वचितच, पण ताटलीत साचलेलं पाणी रोज ओतून द्या. हिवाळ्यात वरची इंचभर माती सुकल्यावरच घाला.

खताचा नियम एका ओळीचा आहे: नत्र (नायट्रोजन) कमी. युरिया, ताजं शेण, आंबवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पाणी यांचा मारा झाला की वेल पानांनी फुगते आणि कळी धरत नाही. महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ लाकडाची राख पुरते. विद्राव्य खत वापरत असाल तर वाढीच्या काळात १९:१९:१९, लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी. कळ्यांच्या आधी ०:५२:३४, लिटरला एक ग्रॅम, दोन वेळा. हाडांचा चुरा स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) चांगला असतो, पण फूल देवाला वाहायचं म्हणून अनेकांना तो नको वाटतो. त्यांनी रॉक फॉस्फेट घ्यावं.

फुलं नव्या फांदीवर, पानाच्या बेचक्यात येतात, हे लक्षात ठेवलं की छाटणी आपोआप कळते. जुनी फांदी कितीही जपली तरी तिच्यावर फूल येत नाही, तिच्यावर नवा फुटवा आणावा लागतो. थंडी संपल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस, वेल एकतृतीयांश कमी करा आणि वाळलेलं, आत गुंतलेलं काढा. तळाच्या जून लाकडापर्यंत मात्र कापू नका. तिथून फुटायला ती फार वेळ घेते, कधी फुटतही नाही.

गोकुळाष्टमीला फुलं हवी असतील तर मेच्या अखेरीस आणखी एक हलकी छाटणी करा, फक्त शेंडे वीतभर. नव्या फुटव्याला कळ्या धरून फुलायला साधारण दोन महिने लागतात, आणि श्रावणापर्यंत वेल भरात येते. छाटताना हातमोजे घालायची गरज नाही, काटे नसतात.

फूल वाचायचं ते असं

सकाळी फूल पूर्ण उघडल्यावर पाहायला बसा. मुलं सोबत असतील तर एक भिंग आणि एक बारीक काडी पुरे. खालून वर, मागून पुढे जायचं.

आधी फूल उलटं करा. पाकळ्या दहा दिसतील, पण सगळ्या पाकळ्या नाहीत. पाच निदलं आहेत: पाठीकडून हिरवी, जाडसर, टोकाशी बारीक आकडी. उरलेल्या पाच खऱ्या पाकळ्या, पातळ आणि दोन्हीकडून रंगीत. ख्रिस्ती वाचनात हे दहा प्रेषित, म्हणजे ख्रिस्ताचे निवडक शिष्य. बारांतून दोन वगळले जातात, दगा देणारा यहूदा आणि ओळख नाकारणारा पेत्र.

आता फूल सरळ धरा. पाकळ्यांवर पसरलेली तंतूंची चकती म्हणजे कौरव, किंवा काट्यांचा मुकुट. काही घरांत हीच चकती सुदर्शन चक्र मानतात. बाहेरचे तंतू लांब, आतले आखूड आणि दाट, त्यांच्याखाली मध असतो. काडी आत घालून पाहा, टोकाला ओलावा लागतो.

चकतीच्या मधोमध एक दांडा उभा आहे. पुंकेसर आणि बीजांडकोश दोन्ही उचलून धरणारा असा दांडा इतर बहुतेक फुलांत सापडत नाही. कौरव-पांडवांच्या वाचनात त्याला सहसा नाव नसतं. ख्रिस्ती वाचनात तो फार महत्त्वाचा: ज्या खांबाला बांधून ख्रिस्ताला फटके मारले, तो हा खांब. फटक्यांचे कोरडे, म्हणजे चाबूक, हे वेलीचे तणावे, आणि टोकदार पान म्हणजे भाला. सेरुलियाच्या पाच बोटांच्या पानात काही जण त्याला पकडणाऱ्यांचे हात पाहतात.

दांड्यावर पाच परागकोश आडवे झुलतात. आपल्याकडे पाच पांडव, तिकडे पाच जखमा: दोन हातांच्या, दोन पायांच्या आणि कुशीतली एक. त्यांचा पराग खाली तोंड करून असतो, कारण मधाच्या शोधात चकतीवर फिरणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्याच्या पाठीला तो लागायला हवा. त्यांच्यावर हिरवी गोळी, म्हणजे बीजांडकोश. ही द्रौपदी, काही ठिकाणी तिला कृष्णही म्हणतात. गोळीतून निघणाऱ्या तीन दांड्या, टोकाला बोंडासारख्या कुक्षी. आपल्याकडे त्रिमूर्ती, तिकडे वधस्तंभाचे तीन खिळे.

या तीन दांड्यांवर नजर ठेवा. फूल उघडतं तेव्हा त्या वर उभ्या असतात, मग हळूहळू वाकून परागकोशांच्या पातळीवर येतात, म्हणजे दुसऱ्या फुलाचा पराग पाठीवर घेऊन आलेला भुंगा त्यांनाही घासून जातो. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाहिलं तर हा फरक मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. त्रिमूर्ती पांडवांकडे झुकते, असं सांगितलं तर ते वाचनही फुलाच्या स्वभावाला धरूनच होतं.

मोजण्याबद्दल. पाच आणि तीन हे आकडे पक्के आहेत. क्वचित एखाद्या फुलात चार दांड्या निघतात, तो अपवाद. शंभराचं तसं नाही. गळलेलं फूल घेऊन तंतू एकेक उपटून मोजा: जातीप्रमाणे आणि फुलाप्रमाणे संख्या बदलते. युरोपातल्या वाचनात काट्यांची संख्या परंपरेने ७२ धरतात, तीही प्रत्येक फुलात भरत नाही. मुलं मोजणारच, तेव्हा आधीच सांगून टाकावं की शंभर म्हणजे इथे 'पुष्कळ, आणि पाचांना वेढून बसलेले'. मोजणी चुकली म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही, पण शंभर भरल्याचं खोटं सांगितलं तर मूल पुढच्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाही.

हे अर्थ आले कुठून

ख्रिस्ती वाचनाचा माग लेखी सापडतो. पेरू आणि मेक्सिकोत राहिलेले येशूसंघीय पाद्री होसे दे आकोस्ता यांनी १५९० साली छापलेल्या ग्रंथात या फुलात खिळे, खांब, कोरडे, मुकुट आणि जखमा दिसतात असं लोक म्हणतात, अशी नोंद केली. ते पाहायला थोडी भक्ती मदतीला लागते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. पुढे मेक्सिकोहून फुलाची चित्रं रोमला पोचली आणि जाकोमो बोझियो यांनी १६१० साली क्रूसावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याचं सविस्तर वर्णन केलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये प्रजातीला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यातही तेच दुःखसहन राहिलं: पॅसिफ्लोरा म्हणजे दुःखसहनाचं फूल.

कौरव-पांडवांच्या वाचनाला असा एक ग्रंथ नाही. वेल अमेरिकेतली, त्यामुळे पुराणांत किंवा जुन्या स्तोत्रांत ती शोधू नये. हा अर्थ लोकांनी अंगणात, फूल हातात घेऊन लावला आणि तोंडी पुढे दिला. म्हणूनच गोळी कुठे द्रौपदी, कुठे कृष्ण. आपल्या घरात जे सांगितलं गेलं तेच सांगावं, 'बरोबर' पाठ शोधत बसू नये.

देवाला वाहताना

फूल सकाळी, दव सुकल्यावर, दोन-तीन सेंटिमीटर देठासकट खुडा. कळी आदल्या दिवशी तोडून ठेवण्यात अर्थ नाही. लहान बाळकृष्णाच्या मूर्तीवर हे फूल ठेवलं तर चेहराच झाकतो, म्हणून पायाशी ठेवावं, देठ देवाकडे. हारात गुंफू नका. मधला दांडा सुईने मोडतो आणि संध्याकाळपर्यंत हारात नुसत्या मिटलेल्या पुड्या उरतात.

गोकुळाष्टमीची अडचण वेगळी आहे. कृष्णजन्म मध्यरात्री आणि हे फूल तोपर्यंत मिटलेलं. गार जागी, पाण्याच्या पसरट वाटीत तरंगतं ठेवलं तर थोडं उशिरा मिटतं, पण मध्यरात्रीपर्यंत टिकेल यावर विसंबू नये. सकाळच्या पूजेला वाहा, आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाल्याला ताजं खुडा. जन्माच्या वेळी तुळस आणि इतर फुलं आहेतच. पूजेसाठी विशिष्ट फुलांचे जे शास्त्रोक्त नियम आहेत त्यांत हे बाहेरून आलेलं फूल बसत नाही, त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वाहावं. बहुतेक घरांत कृष्णाला आणि विठ्ठलाला ते आनंदाने चालतं.

वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरांत हे फूल दुःखसहनाच्या चिंतनासाठी वापरायचं असेल, तर एक गोष्ट आधी पाहावी. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या आठवड्यांत, वेदी फुलांनी सजवत नाहीत. त्या काळातला चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे अपवाद. म्हणून त्या आठवड्यांत या फुलाची जागा वेदीवर नसून धर्मशिक्षणाच्या वर्गात किंवा घरच्या प्रार्थनेच्या कोपऱ्यात आहे. त्या सुमाराला फूल मिळण्याची शक्यता वाढवायची तर किनारपट्टीवर छाटणी फेब्रुवारीअखेर न करता जानेवारीत उरकावी.

फुलाचा हंगाम नसताना शिकवायचं तर सुकवलेली फुलं कामी येतात. दांड्यामुळे अख्खं फूल दाबता येत नाही. धारदार पात्याने दांडा तळाशी कापून वरचा भाग वेगळा, चकती आणि पाकळ्या वेगळ्या, एक पान आणि एक तणावा वेगळा, असं वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जड पुस्तकं ठेवा. पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. दोन आठवड्यांनी जाड कागदावर डिंकाने चिकटवा.

वेल बिघडली तर

*फूलच येत नाही.* ऊन, नत्र, वय, याच क्रमाने तपासा. फांदीपासून केलेलं रोप पहिल्या पावसाळ्यात फुललं नाही तर घाबरू नका. दुसऱ्या वर्षीही नाही, तर जागा बदला.

*कळ्या पिवळ्या पडून गळतात.* कुंडी एकदा कोरडी पडली तरी पुरतं, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात. पाणी नियमित असूनही गळत असतील तर कळी फोडून पाहा. आत बारीक फुलकिडे सापडतील.

*पानं खालून पिवळी, माती ओली.* मुळं कुजत आहेत. पाणी थांबवा, कुंडी उपसून काळी मऊ मुळं कापा, नव्या मिश्रणात लावा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. ते रोप काढून टाका, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, आणि निरोगी फांदी काढून नव्याने सुरुवात करा.

*पांढरा कापसासारखा थर.* पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार धारेने झाडून काढा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि एक-दोन मिलिलिटर पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. आठ दिवसांनी पुन्हा. सकाळी फवारू नका. फूल उघडं असतं, भुंगे येतात आणि तेच फूल पूजेला जाणार असतं.

*पानं ठिपक्याठिपक्यांची, खाली बारीक जाळं.* लाल कोळी, कोरड्या उन्हाळ्यात. पानांखाली रोज पाणी फवारलं तरी तो आटोक्यात येतो.

*पानांवर पिवळ्या-हिरव्या रंगाचे ओबडधोबड डाग, पान वेडंवाकडं.* विषाणू असण्याची शक्यता मोठी. याला औषध नाही. वेल काढून टाका आणि त्याच कात्रीने दुसरी वेल छाटण्याआधी पातं स्पिरिटने पुसा.

*मुंग्या.* पानाच्या देठावर दोन बारीक गाठी असतात, त्यांतून मध पाझरतो आणि मुंग्या तो खायला येतात. त्यांनी वेलीला इजा होत नाही. सोबत पिठ्या ढेकूण दिसला तरच मुंग्यांचा बंदोबस्त करा.

*काटेरी सुरवंट पानांचा फडशा पाडतात.* लालसर-तपकिरी, घोळक्याने खाणारे हे सुरवंट बहुतेक वेळा टॉनी कॉस्टर या नारिंगी फुलपाखराचे. ते पॅसिफ्लोराच्या वेलींवर वाढतं. औषध मारू नका असाच आमचा आग्रह आहे. मोठी वेल पानं परत काढते. रोप लहान असेल तर सुरवंट काडीने उचलून मांडवाच्या एका टोकाच्या फांदीवर ठेवा आणि ती फांदी त्यांना द्या.

*खाण्याबद्दल.* शोभेच्या वेलींच्या पानांत आणि कच्च्या फळांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असू शकतात. युरोपात इन्कार्नाटाचा झोपेच्या औषधांत उपयोग करतात हे खरं, पण त्यावरून दारच्या वेलीचा काढा करू नका, गर्भवतींनी तर मुळीच नाही. मुलं फूल वाचताना तोंडात घालणार नाहीत एवढं पाहावं.

परदेशात असाल तर जात हवेप्रमाणे निवडा. ब्रिटनमध्ये दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ सेरुलिया उघड्यावर टिकते, साधारण उणे १० अंशांपर्यंत. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत इन्कार्नाटा रानातच उगवते. हिवाळ्यात तिचा वरचा भाग पूर्ण मरतो आणि वसंतात जमिनीतून नवे कोंब येतात, बरेच उशिरा. तोपर्यंत कुंडी रिकामी समजून फेकू नका, माती कोरडसर ठेवा आणि मेपर्यंत थांबा.